एसीतली रासबेरी

विभावरी पिंगळेच्या घरातल्या सगळ्यांत थंड खोलीत त्या उन्हाळ्यात माणूस राहत नव्हतं, झुडूप राहत होतं. एसी अठरावर, पडदे अर्धे ओढलेले, खिडकीपाशी पाण्याच्या फवाऱ्याची बाटली, आणि मधोमध एका घमेल्याएवढ्या कुंडीतून चहूकडे सरपटत गेलेली ती बया. बाहेर हॉलमधला एसी जुना. तो गुरगुरायचा जास्त आणि गार कमी करायचा. त्याच्याखाली जेवणाच्या टेबलावर विभावरी सातवीच्या हिंदीच्या वह्या तपासत बसायची, आणि दर दोन वह्यांनंतर ओढणीने मान पुसायची.

ती खोली खरं तर तिच्या लेकीची, नुपूरची. नुपूर टोरोंटोला शिकायला गेली आणि विभावरीने तिथे स्वतःचं टेबल लावलं. वीस-बावीस वर्षं दोहात काढल्यावर पहिल्यांदा तिला दार लावून बसता येईल अशी जागा मिळाली होती. ओल्ड एअरपोर्ट भागातल्या त्या व्हिलाचे मालकाने भाग पाडले होते. खालचा एक भाग पिंगळ्यांचा, त्याला लागून दुसरा लाहोरच्या शहजादचा, आणि दोघांच्या मध्ये फरशीचं सामाईक अंगण. जागा मोजकीच होती, पण शाळेची बस कोपऱ्यावर यायची, वाणसामान हाकेच्या अंतरावर होतं, आणि एवढ्या वर्षांत घराला घराचा वास लागला होता.

संजीव, तिचा नवरा, गॅसच्या कंपनीत इन्स्पेक्शन इंजिनियर होता. पहाटे निघायचा, दिवेलागणीला यायचा, सुट्टीच्या दिवशीही फोन कानाला. मग एका ऑक्टोबरात त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि पुढे वाढवलं नाही. साठी जवळ आलेली. नाशिकला परत जावं तर विभावरीची शाळेतली नोकरी चालू, नुपूरचं शिक्षण चालू. शेवटी असं ठरलं की संजीवने विभावरीच्या स्पॉन्सरशिपवर राहायचं आणि इथेच दुसरं काम शोधायचं. "वर्षभर बघू," तो म्हणाला, "काहीतरी मिळेलच." व्हिसाचे कागद झाले त्या दिवशी इमिग्रेशन ऑफिसच्या बाहेर येऊन त्याने कमरेत वाकून तिला सलाम केला. "आजपासून तू माझी कफील, स्पॉन्सर. मालकीणबाई, हुकूम करा!" विभावरी हसली. मग तोच विनोद त्याने गणपतीमंडळातल्या मित्रांच्या जेवणात केला, मग शेजारच्या शहजादला हिंदीत करून सांगितला, मग वाण्याला. तेव्हा तिच्या लक्षात आलं की हसायचं आता बंद करायला हवं, पण कसं ते कळेना.

डिसेंबरात तो एका दुपारी नर्सरीतून कुंडी घेऊन आला. वाक्र्याच्या रस्त्यावर रहमान नावाच्या बांगलादेशी माणसाची नर्सरी होती. थंडीच्या दिवसांत तिथे कुठून कुठून झाडं यायची. हिरवीगार, चकचकीत पानं, पानांची पाठ पांढरट, आणि जमिनीवर लोळणाऱ्या फांद्यांवर लालसर केसांची दाट लव.

"महाबळेश्वरला द्रोणात मिळते ना रासबेरी, तिची लांबची बहीण," संजीव म्हणाला. "उभी वाढत नाही, जमिनीवर पसरते. बारा महिने हिरवी. आणि फळ खाता येतं!"

"इथे जगेल का पण?"

"रहमान म्हणतो नाही जगणार. 'सर, ये ठंडा पहाड का चीज है, मई में खलास.' म्हटलं, बघतोच."

त्या 'बघतोच'मध्ये विभावरीला एक ओळखीचा सूर ऐकू आला. प्लांटमध्ये एखादी पाइपलाइन गळायची आणि सगळे हात टेकायचे, तेव्हा हा असंच म्हणायचा. तिला बरं वाटलं. माणूस कशात तरी रमतोय, रमू दे. ही चूक तिने कबूल केली, पण पुष्कळ नंतर आणि स्वतःशीच.

हिवाळाभर ती बया अंगणात मनसोक्त पसरली. जिथे फांदीचं टोक फरशीच्या फटीला टेकेल तिथे मूळ धरायची आणि पुढे निघायची. जानेवारीत तिने अंगणाचा मध्य ओलांडला. फेब्रुवारीत शहजादच्या बायकोच्या, सुहानाच्या, पायरीपाशी पोहोचली. तिची लव काट्यासारखी बोचत नसे, पण कापडाला अशी चिकटे की सोडवता सोडवता धागे निघत. सुहानाची एक नवी कोरी ओढणी तशीच गेली. ती बिचारी काही बोलली नाही. नुसती ओढणी हातात घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "भाभी, भाईसाहब का पौधा माशाल्ला बहुत अच्छा बढ़ रहा है."

विभावरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अहो, तिकडची छाटा ना ती," ती घरात येऊन म्हणाली.

"आत्ता नाही छाटायची. आत्ता कळ्या धरतील."

खरंच धरल्या. मार्चमध्ये छोटी पांढरी फुलं आली. इथे मधमाशा कुठल्या येणार, म्हणून संजीव नुपूरच्या जुन्या रंगपेटीतला ब्रश घेऊन गुडघ्यांवर बसायचा आणि एका फुलातून दुसऱ्या फुलात परागकण नेऊन लावायचा. विभावरी सकाळी शाळेला निघायची तेव्हा तो अंगणात ओणवा, आणि दुपारी परत यायची तेव्हाही ओणवाच. सिंकमध्ये सकाळच्या चहाचे कप तसेच. दूध फ्रीजबाहेर. भाजी चिरायची आहे, वॉशिंग मशीनमधले कपडे वाळत घालायचे आहेत, आणि उद्याचा डबा काय हा प्रश्न कालच्यासारखाच तिच्या एकटीच्या डोक्यात.

"आज कुठे फोन केला होतात का?" ती विचारायची.

"केला होता. कळवतो म्हणाले."

एप्रिल सरत आला तसा त्याने छाटणी केली, कुंडीभोवती उरलेल्या फांद्या गोळा केल्या, आणि तिला न विचारता ते सगळं बिऱ्हाड नुपूरच्या खोलीत नेलं. विभावरी शाळेतून आली तर तिचं टेबल भिंतीला लावलेलं, वर वर्तमानपत्रं अंथरलेली, आणि वह्यांचा गठ्ठा हॉलमधल्या सोफ्यावर.

"हे काय?"

"फक्त ऑक्टोबरपर्यंत. फळं धरलीत गं, बारीक बारीक. आता बाहेर ठेवली तर सगळी मेहनत फुकट."

तिने नुपूरला व्हिडिओ कॉल लावला. निदान लेक तरी बोलेल. नुपूरने स्क्रीनवर स्वतःची खोली पाहिली आणि खो खो हसली. "माय रूम? सिरियसली? बाबा इज सो क्यूट!" मग जरा गंभीर होऊन म्हणाली, "आई, लेट हिम हॅव इट. ही नीड्स समथिंग."

"आणि मला?" विभावरी म्हणाली. पण तोवर तिकडे कोणीतरी नुपूरला हाक मारली होती.

मे महिना असा गेला. एका पालकांनी वहीवर मातीचा डाग का म्हणून शाळेत चिठ्ठी पाठवली. विभावरीने माफी मागितली, कारण खरं कारण सांगितलं असतं तर कोणाला पटलंच नसतं. घरी येऊन तिने ती चिठ्ठी संजीवसमोर धरली. त्याने वाचली, "सॉरी, सॉरी" म्हटलं, आणि लगेच, "ये ना, एक दाखवतो. रंग धरायला लागलाय." ती गेली नाही. स्वयंपाकघरात जाऊन तिने कुकरची शिटी अशी आपटली की ती सिंकच्या मागे जाऊन पडली, आणि मग ती काढायलाही तिलाच वाकावं लागलं.

जूनच्या सुरुवातीला एका भर दुपारी व्हायचं ते झालं. रात्रंदिवस चाललेल्या त्या एसीने व्हिलाचा मेन ब्रेकर जळाला. पिंगळ्यांकडचीच नव्हे, सगळ्या व्हिलाची वीज गेली. मजीद, तिथला नातूर, म्हणजे मालकाने ठेवलेला राखणदार, पेटी उघडून नाक धरून उभा राहिला आणि म्हणाला, "बुक्रा, इन्शाल्ला." उद्या! बाहेर पंचेचाळीसच्या वर ऊन. सुहानाने तान्ह्या मुलीला कडेवर घेतलं, फ्रीजमधलं दूध पिशवीत भरलं आणि टॅक्सी करून बहिणीकडे गेली. जाताना संजीवकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

विभावरी तेव्हा वर्गात होती. क्रियाविशेषण शिकवत होती. शिपायाने दारातून सांगितलं, "मॅडम, रिसेप्शनवर बुलाया है. कोई पेड़ लेकर आए हैं."

वर्ग हसला. विभावरी जिन्यावरून उतरताना प्रत्येक पायरीला मनात म्हणत होती, नसू दे, नसू दे. पण होता. रिसेप्शनच्या निळ्या सोफ्यावर संजीव बसलेला, मांडीवर कुंडी, गळ्यात व्हिजिटरचं कार्ड, आणि रासबेरीच्या फांद्या खांद्यावरून मागे टाकलेल्या, सदऱ्याला चिकटलेल्या. घामाने निथळत होता. त्याने तिला पाहिलं आणि सुटकेचा श्वास टाकला.

"घरची वीज गेली. सगळी व्हिला अंधारात. म्हटलं, तुझ्या शाळेत एसी असतो, संध्याकाळपर्यंत कुठेतरी कोपऱ्यात..."

"तुम्ही इथे का आलात?" ती इतक्या हळू आवाजात म्हणाली की रिसेप्शनिस्टने टायपिंग थांबवलं.

तेवढ्यात प्रिन्सिपॉल मॅडम बाहेर आल्या. त्यांनी झाडाकडे पाहिलं, फळांकडे पाहिलं, "ओह, हाऊ लव्हली!" म्हणाल्या, आणि कुंडी बायॉलॉजी लॅबमध्ये ठेवायला सांगितली. वर मुलांना दाखवू असंही म्हणाल्या. विभावरीला वाटलं, त्यांनी झापलं असतं तर बरं झालं असतं. रागावण्याची सोयसुद्धा कोणी ठेवली नाही.

शाळा सुटल्यावर ती गाडीत बसली. संजीवने गाडी सुरू केली आणि एसीने ब्रेकर कसा जळाला, सुहाना बाळाला घेऊन कशी गेली ते सांगितलं. सिग्नलला थांबल्यावर तिचा बांध फुटला.

"त्या बाईचं तान्हं बाळ उन्हात गेलं आज. तुमच्यामुळे. तुमच्या एसीमुळे. तुम्ही तिची साधी विचारपूस केलीत? नाही. तुम्ही झाड उचललंत आणि माझ्या नोकरीच्या जागी आलात. माझ्या, अहो! ती एकच नोकरी आहे आता आपल्या घरात!"

मागून हॉर्न वाजला. सिग्नल हिरवा झाला होता. संजीवने गाडी पुढे घेतली आणि पहिल्या मोकळ्या जागी, एका बंद दुकानासमोर, थांबवली.

"विभा, फोन करतो असं मी तुला सांगायचो ना," तो म्हणाला, "गेले दोन-तीन महिने नाही केलेत. आधी सगळीकडे केले. पोरं असतात समोर, मयूर, अनय असली नावं, नुपूरच्या वयाची. 'सर, वुई विल गेट बॅक' म्हणतात. वय ऐकलं की आवाज बदलतो. तू सकाळी निघून जातेस. दार बंद होतं. मग आठ वाजतात, आणि आठ वाजता मी काय करायचं हे मला माहीत नसतं. तिला पाणी लागतं आठ वाजता. कोणाला तरी लागतो मी."

विभावरीने ऐकलं. एखादी दुसरी वेळ असती तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. पण ती पहाटेपासून उभी होती, पाय सुजले होते, आणि घरी गेल्यावर अंधारात मेणबत्ती शोधायची होती.

"मलाही लागतं," ती म्हणाली. "सकाळी सहाला माझा डबा भरायला कोणीतरी लागतं. दुपारी आल्यावर आयता चहा लागतो. वह्यांना टेबल लागतं. मी पानं गाळून दाखवत नाही, म्हणून मला काही लागत नाही असं नाही."

संजीवने गाडी पुन्हा चालू केली. मग ती घराकडे न नेता सुहानाच्या बहिणीच्या घराकडे वळवली. वाटेत बर्फाची पिशवी आणि बाळाच्या दुधाचा डबा घेतला. दारात उभा राहून त्याने सुहानाची आणि शहजादची माफी मागितली, तीही विनोद न करता. सुहानाने दोघांना आत बोलावून सरबत दिलं. पण परत निघताना विभावरीच्या कानाशी म्हणाली, "भाभी, बुरा मत मानिए, मगर उस पौधे को अब मेरी सीढ़ी से दूर रखिए."

"दूर नाही, तोडूनच टाकते," विभावरी म्हणाली, मराठीतच. सुहानाला काय कळलं कोण जाणे, ती हसली.

वीज तिसऱ्या दिवशी आली. टेबल खिडकीपाशी परत आलं आणि शाळेच्या लॅबमधून परत आणलेली कुंडी कोपऱ्यात गेली, एसी चोवीसवर. "मेली तर मेली," संजीव म्हणाला, पण फवाऱ्याची बाटली त्याने टाकली नाही. दुसऱ्या सकाळी विभावरी उठून स्वयंपाकघरात आली तर तो आधीच तिथे. ओट्यावर कणीक, कणकेत पाणी, पाण्यात पुन्हा कणीक, आणि तो कोपरापर्यंत माखलेला. त्या दिवशीच्या डब्यात बटाट्याची भाजी होती आणि पोळ्यांच्या जागी ब्रेड. भाजीत मीठ नव्हतं. स्टाफरूममध्ये बसून ती चिडून चिडून तो डबा खात होती, आणि कोणी विचारलं तर "अहोंनी केलाय" असंही सांगत होती.

जूनअखेर शाळेला सुट्टी लागली. दरवर्षी दोघं नाशिकला जायचे. या वेळी संजीव म्हणाला, "तू जाऊन ये. मी थांबतो."

"तिच्यासाठी?"

"तिच्यासाठीही. आणि नाशिकला गेलो की प्रत्येक जण विचारणार, सध्या काय? मला नको वाटतं."

विभावरीचं डोकं फिरलं, पण तिकीट एकाचंच काढलं. नाशिकला आईने दारातच विचारलं, "जावई?"

"झाडाला पाणी घालतायत."

"अगं मग शेजाऱ्याला सांगायचं!" आई म्हणाली, आणि पुढचे कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगत राहिली. विभावरी उत्तरं देऊन थकली. वर दिवसातून चार वेळा दोहाहून फोन. तुरीच्या डाळीला शिट्ट्या किती? साजूक तूप कढवताना फेस येतो तो चांगला की वाईट? साबुदाणा गोळा का झाला? "अहो, मी माहेरी आले आहे," ती ओरडायची, आणि मग साबुदाणा किती वेळ भिजवायचा ते सांगायची.

ऑगस्टअखेर ती परत आली. संजीव विमानतळावर आला होता. बारीक झाला होता, दाढी वाढलेली. घर मात्र झाडून पुसून लख्ख. नुपूरच्या खोलीत रासबेरीचा अर्ध्याहून जास्त भाग वाळून गेला होता. खोडाजवळ थोड्या फांद्या तेवढ्या हिरव्या. त्याने फ्रीझरमधून एक वाटी काढली. वाटीत मूठभर फळं, नारिंगी-लाल, बर्फाने माखलेली.

"तू येईपर्यंत एकही खाल्लं नाही. म्हणजे, एक खाल्लं. विषारी नाही ना म्हणून."

विभावरीने एक तोंडात टाकलं. थंडगार पाणी, पुष्कळ बिया, आणि अगदी शेवटी आंबटपणाचा एक पुसट ठिपका. तिने दुसरं टाकलं. तेही तसंच. तिने संजीवकडे पाहिलं. तो परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखा उभा.

"अहो, हे पाणचट आहे."

"आहे ना?" त्याचा चेहरा एकदम सैल झाला. "मला वाटलं माझ्याच जिभेला काहीतरी झालंय."

तिला हसू फुटलं. राग इतका आला होता की हसण्याशिवाय काही सुचेना. एक खोली, एक ब्रेकर, एक ओढणी, शाळेतली शोभा, आणि फळ हे! दोघांनी साखर घालून वाटी संपवली, कारण टाकवत नव्हती.

त्याच संध्याकाळी त्याने सांगितलं की अर्ज करणं त्याने बंद केलं आहे. एजन्सीलाही कळवलं, बायोडेटा काढून टाका म्हणून. विभावरीच्या खांद्यावरून काहीतरी उतरलं. रोज दुपारी 'फोन केला होता का' हे विचारायचं काम संपलं. आता पगार तिचा एकटीचा, हे मात्र कोणी मोठ्याने म्हणालं नाही.

थंडी सुरू झाली तशी संजीवने उरलेलं झुडूप अंगणात आपल्या बाजूला नेलं आणि मधोमध विटांची एक ओळ लावली. मजीदला ती ओळ आवडली नाही, सुहानाला आवडली. संजीवच्या पोळ्या गोल व्हायला लागल्या, पण भाजी तो रोज एकाच मसाल्याची करायचा आणि डब्याच्या सुट्टीआधीच 'कशी झालीय?' असा मेसेज पाठवायचा. विभावरी तास घेत असायची. फोन थरथरायचा. तिचा जीव जायचा.

नोव्हेंबरात प्रिन्सिपॉल मॅडमनी तिला बोलावलं. कॉन्ट्रॅक्ट आणखी दोन वर्षं वाढवायचं होतं. विभावरीने तिथेच सही केली. पेन ठेवल्यावर तिला आठवलं, घरी विचारलं नाही. मग वाटलं, विचारायचं काय त्यात?

घरी आली तेव्हा संजीव अंगणात पाटावर बसून वाळक्या फांद्या कापत होता. तिने चपला काढता काढता सांगितलं, "दोन वर्षं वाढवलं. सही करून आले."

"बरं," तो म्हणाला, आणि कात्री चालूच.

बस्स? बरं? विभावरी उंबऱ्यातच थांबली. इतके दिवस साबुदाण्यासाठी नाशिकला फोन करणारा माणूस, आणि एवढ्या मोठ्या गोष्टीला एक 'बरं'! ती बोलणार, तोच त्याने कात्री खाली ठेवली आणि मान वर केली.

"तुला करायचंय ना पण?" त्याने विचारलं. "म्हणजे, मी आता काही आणत नाही म्हणून नाही. तुला स्वतःला. दोन वर्षं अजून शिकवायचंय का?"

विभावरी दुसरी चप्पल काढायची थांबली. हा प्रश्न तिला प्रिन्सिपॉल मॅडमनी विचारला नव्हता, नुपूरने नाही, आईने नाही, तिने स्वतःही नाही. हो म्हणावं तर खोटं वाटेना, नाही म्हणावं तर तेही खरंच वाटलं. पायात एक चप्पल, एक हातात, खांद्याला वह्यांची पिशवी.

"आत्ता विचारता?" ती खेकसली. "सही झाल्यावर?"

"मग कधी विचारू?"

"चहा टाका आधी," ती म्हणाली, आणि पिशवी तिथेच उंबऱ्यावर ठेवून त्याच्यासमोर पायरीवर बसली. तो उठून आत गेला. विभावरी एकटीच तिथे बसून राहिली, आणि उत्तर सापडत नाही म्हणून आणखीच चिडत राहिली.